बेरिंगबाबाचा रोलर

टेबलावरचं तेलाची परीक्षा घेणारं मशिन किंचाळलं, थोडा धूर निघाला आणि मोटर जागच्या जागी जाम झाली. वर्कशॉपमध्ये दाटीवाटीने उभे असलेले गाडीमालक चुकचुकले. जणू प्रत्येकाच्या बरगडीतच काहीतरी अडकलं होतं.

“हे तुमचं नेहमीचं तेल,” पांढरे हातमोजे घातलेला माणूस दुःखी आवाजात म्हणाला. त्याने मशिन पुसलं, वाटीतलं तेल बदललं आणि त्यात निळ्या बाटलीतला द्रव ओतला. पुन्हा बटण दाबलं. वाटीत बुडालेली पोलादी कडी गरगर फिरू लागली, तिच्यावर दट्ट्याने छोटा रोलर दाबला गेला. मघाशी दट्ट्यावर दोन वजनं चढताच मान टाकलेलं मशिन आता होती नव्हती ती सगळी वजनं अंगावर घेऊन फिरत राहिलं. टाळ्या पडल्या. एका बांधकाम कंत्राटदाराने तर चक्क हात जोडले.

इथे जमलेल्या सगळ्यांकडे एकाच बनावटीची स्पोर्ट्स कार होती. दिसायला देखणी, पळायला वारा, आणि पोटात एक नाठाळ बेरिंग. इंजिनाच्या आत फिरणाऱ्या एका दांड्याच्या टोकाला ते बसवलेलं असतं. मुळात नाजूक, त्यात त्याला तेल धड पोचत नाही. कुणाच्या गाडीत ते वर्षानुवर्षं टिकतं, कुणाच्या गाडीत त्याचा भुगा होतो आणि जाताना ते अख्खं इंजिन घेऊन जातं. गाडी वेगात असताना गेलं तर मागची चाकं जाम होतात, आणि मग स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

या रविवारी ते स्टिअरिंग दातांची डॉक्टर असलेल्या एका बाईच्या लेकीच्या हातात असणार होतं. नुकतंच लायसन मिळालेली ती पोरगी बापाशेजारी उभी राहून किल्ली बोटावर फिरवत होती. या गाडीमालकांच्या क्लबच्या सगळ्या गाड्या घाटात जाणार होत्या आणि बापाने तिला गाडी चालवायला द्यायचं कबूल केलं होतं. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून इथे आली होती ती त्यासाठीच.

तिच्या नवऱ्याने या बेरिंगपायी घर डोक्यावर घेतलं होतं. बाजारात मिळणारे तीन उपाय त्याला तोंडपाठ होते. पहिला, सिरॅमिकच्या गोळ्यांचं बेरिंग. मजबूत, पण तेही झिजतं आणि मुदतीने बदलावं लागतं. दुसरा, गोळ्याच नसलेली भरीव जोडणी, जिला वेगळ्या नळीने तेल पाजतात. सर्वांत टिकाऊ, पण तेल स्वच्छ हवं आणि बसवणाऱ्याचा हात चांगला हवा. तिसरा म्हणजे तेलात बसवायचं चुंबक. ते लोखंडाचे कण पकडतं आणि दिवा लावून सांगतं की बाबा रे, आत काहीतरी बिघडलंय. दुरुस्त काहीच करत नाही, पण निदान खोटं तरी बोलत नाही. त्यांच्या मेकॅनिकचं म्हणणं होतं की आधी गिअरबॉक्स उतरवून आत बघू, मग काय ते ठरवू. तिथेच नवऱ्याचं घोडं अडलं होतं. चालतं इंजिन उघडायचं कशाला, असं तो रोज नव्याने विचारायचा. डॉक्टरला हे वाक्य नवं नव्हतं. तिच्या खुर्चीत बसून आ न करणारे लोक ती रोजच बघत होती.

आणि अशात उगवला हा पांढऱ्या हातमोज्यांचा बेरिंगबाबा. हे नाव तिनेच ठेवलेलं. बाकी सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. न उघडता, न खोलता, फक्त बाटली ओता आणि विसरा. आठवड्यापूर्वी नवरा ती घरघरणाऱ्या गाडीत ओतून आला आणि चपलाही न काढता म्हणाला, “बसली बघ घरघर!”

बसली, हा शब्द डॉक्टरच्या डोक्यात तेव्हापासून ठणकत होता. दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊन येणारे पेशंट तिला आठवले. दात बरा झालेला नसतोच, आतली नस मेलेली असते आणि खाली पू साठत असतो.

बेरिंगबाबा आता रंगात आला होता. “धातूला स्मृती असते,” तो डोळे मिटून म्हणाला. “तो थकतो, रुसतो. हा द्रव त्याच्या अणूअणूत शिरून त्याला त्याच्या जन्माची आठवण करून देतो.” बेरिंगला खरंच जन्म आठवला तर ते बिचारं खाणीत परत जायला निघेल, असं डॉक्टरच्या मनात आलं. पण आजूबाजूला बँकवाले होते, वकील होते, एक निवृत्त प्राध्यापकही होता आणि सगळे माना डोलावत होते. तिला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला. भाजी घेताना देठ मोडून बघणारी ही माणसं इथे मात्र डोळे मिटून उभी होती.

तिची नजर मात्र दट्ट्यावर होती. एका पेशंटच्या तोंडात वापरलेलं ड्रिलचं टोक दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही, ही तिची हाडीमाशी खिळलेली सवय. साधन बदललं की नाही, हे तिला न ठरवताही दिसायचं. या माणसाने तेल बदललं होतं, वाटी पुसली होती, पण रोलर बदलला नव्हता.

“पुन्हा दाखवाल का?” तिने विचारलं. “फक्त या वेळी निळ्या बाटलीला नवा रोलर लावा.”

मशिन तापलंय, असं बेरिंगबाबाने सांगितलं. मग रोलर संपल्याचं सांगितलं. क्लबचा अध्यक्ष असलेल्या वकिलाने टेबलावरची रोलरची डबी उघडून पुढे केली आणि म्हणाला की दाखवून टाका, म्हणजे शंकाच नको. आता माघार घेणं अवघड होतं. निळ्या द्रवातला नवा रोलर काही वजनं पेलून करकरला आणि मोटर जाम झाली. मघाच्या साध्या तेलापेक्षा थोडा जास्त टिकला, एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“आता दुसरा नवा रोलर. आधी साधं तेल,” डॉक्टर म्हणाली. तो जाम झाल्यावर तिने तो तसाच ठेवायला लावला, वाटी पुसली आणि बेसिनवरची हात धुवायच्या साबणाची बाटली तिच्यात उपडी केली. बटण वकिलाने दाबलं. एकेक करत सगळी वजनं चढली. साबणाला फेस आला आणि मशिन मजेत फिरत राहिलं.

लेक फिस्सकन हसली.

डॉक्टरने रोलर काढून सगळ्यांपुढे धरला. त्याच्यावर नखाएवढा सपाट चट्टा पडला होता. “कुणी उंच, टोकदार टाचेने पाय तुडवला तर कळवळता, चपटी चप्पल पडली तर तेवढं लागत नाही. वजन तेच, फक्त ते पसरतं. नवा गोल रोलर टिंबाएवढ्या जागेवर टेकतो, म्हणून जाम होतो. जाम होताना घासून सपाट होतो. त्यानंतर वाटीत काय आहे, याने काही बिघडत नाही. पहिली पाळी यांनी साध्या तेलाला दिली, दुसरी स्वतःच्या बाटलीला. एवढाच चमत्कार.”

“श्रद्धा नसेल तिथे द्रव काम करत नाही,” बेरिंगबाबा पुटपुटला.

“साबणाने केलं की,” वकील म्हणाला.

तरी कंत्राटदार उखडलाच. बाईंना गाड्यांतलं काय कळतं, त्याने विचारलं. आवाज तर गेला ना? मग झालं. दोघातिघांनी त्याची री ओढली. फसवणाऱ्यापेक्षा फसवणूक दाखवणाऱ्याचाच लोकांना जास्त राग येतो, हे डॉक्टरने त्या दिवशी बघून घेतलं. नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, “इंजिन उघडू नकोस. निदान तेलाचा फिल्टर तरी उघड.”

नवऱ्याने स्वतःच पाना उचलून आपल्या गाडीचा फिल्टर काढला. तो कापून आतला घड्या घातलेला कागद टेबलावर पसरला. वर काळं तेल होतं, आणि घडीघडीत धातूचा बारीक चंदेरी चुरा चमकत होता. कंत्राटदारही वाकला आणि मागे सरला. लेकीने किल्ली बोटावर फिरवायचं थांबवलं. तिने ती बापाच्या हातात ठेवली.

रविवारी गाडी घाटात गेली नाही, टेम्पोवर चढून मेकॅनिककडे गेली. त्याने बेरिंग काढलं, बाटलीतला चिकट राप धुऊन टाकला आणि बोटाने फिरवून दाखवलं. घरघर होती तशीच होती. गोळ्यांची साल निघालेली होती आणि घट्ट द्रवाने फक्त घरघरीचं तोंड दाबून धरलं होतं. तीन उपायांपैकी नवऱ्याने भरीव जोडणी निवडली. आधी उघडून, आत बघून, मग.

बेरिंगबाबा दुसऱ्या कुठल्या तरी क्लबात पोचला असेलच. तो बाटलीच विकेल असं नाही. कधी अंगारा विकेल, कधी गोळी, कधी पाणी. त्याच्याशी वाद घालत बसू नका आणि हातही जोडू नका. साधं एवढंच म्हणा, रोलर बदला आणि पुन्हा दाखवा.