मुकादमची परवानगी

बालवर्गाच्या बाईंना पंचेचाळिशीत संशोधनाची हौस आली. नवरा म्हणाला, "अगं, या वयात लोक गुडघ्यांचा विचार करतात, तू ठोकळ्यांचा काय घेऊन बसलीस?" पण बाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. जन्मभर मुलांना शिकवलं होतं, आता मुलं काय करतात ते एकदा नीट बघायचं होतं, आणि त्यावर स्वतःच्या नावाचा अभ्यास पुरा करायचा होता. स्वयंपाक उरकून त्या वाचायला बसत. खोटं कशाला बोला, त्यात त्यांना माहेरी गेल्याचं सुख मिळे.

विषय ठरला. मुलं ठोकळ्यांचं काही बांधतात तेव्हा आधी मनात बेत करतात का? आता वर्गातली बाकीची पोरं म्हणाल तर ठोकळे रचायची, पाडायची आणि पाणी प्यायला पळायची. रोज नेमानं बांधणारी एकच, तिला सगळे मुकादम म्हणत. वय वर्षं पाच, पुढचा एक दात हलणारा, आणि नाकावर माशी बसू देईल तर शपथ! ती सोडली तर बाईंच्या अभ्यासात उरत होतं काय, तर पाणी पिणं.

मार्गदर्शक मॅडम बाईंहून लहान, पण नियमाला पक्क्या. "पालकांची सही पुरत नाही," त्या म्हणाल्या. "मुलाचीही परवानगी हवी." त्यासाठी प्रत्येक मुलाच्या गळ्यात दोरीला एक कार्ड अडकवायचं. हिरवी बाजू पुढे असली तर बघा, लाल असली तर बघायचं नाही. बाईंना मनातून हसू आलं. ज्या वर्गात त्यांनी "चूप!" म्हटलं की पंखासुद्धा बिचकत फिरायचा, तिथं त्यांनीच या एवढ्याशा पोरांची परवानगी मागायची! पण नियम तो नियम. त्यांनी कार्डं कापली, रंगवली, दोऱ्या ओवल्या.

सगळ्यांनी हिरवं केलं. मुकादमनं लाल.

दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशीही लालच. बाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, नवे ठोकळे आणले, रांगेत पहिला नंबर देऊ केला. पोरीनं पहिला नंबर घेतला आणि कार्ड लालच ठेवलं. घरी नवऱ्याला तेवढंच निमित्त! "मलाही एक कार्ड करून दे," तो म्हणाला. "तू माझं कपाट आवरायला निघालीस की लाल करीन."

दिवस असेच चालले आणि सुट्टी तोंडावर आली. आठवडाभरात निरीक्षण झालं नाही तर अख्खं वर्ष पाण्यात. बाईंनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, आईची सही आहे हो तिच्या. मी लांबून बघते, तिला पत्ताही लागणार नाही."

"मग कार्ड कशाला दिलंत तिला?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

बाईंनी फोन ठेवला आणि आधी मॅडमवर चिडून घेतलं. कालची पोर मला शिकवते! चिडणं संपल्यावर मात्र त्यांना लाज वाटली, कारण प्रश्नात खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मुकादम चपलेचा पट्टा लावत बसली होती. बाई तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. इतके दिवस त्यांनी सगळं विचारलं होतं, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

"का गं, मी बघितलेलं तुला का नाही आवडत?"

"तू बघतेस," मुकादम पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाली, "आणि मग सांगतेस."

"मी काय सांगते?"

पोरगी उठली, कमरेवर हात ठेवला, बोट नाचवलं. "'मोठा खाली, लहान वर! किती वेळा सांगायचं? ही उशी इथं कुणी आणली? उशी जागेवर!'" हुबेहूब बाईच. बाई खो खो हसल्या, आणि हसता हसताच त्यांना कुठंतरी टोचलं.

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मुकादमनं हलणारा दात जिभेनं ढकलत विचार केला. "उद्या बघू," ती म्हणाली आणि आईकडे पळाली.

सकाळी कार्ड हिरवं होतं! बाईंना वाटलं उचलून पापा घ्यावा, पण गुपचूप भिंतीशी जाऊन बसल्या. मुकादमनं ओठांवर बोट ठेवून त्यांना ताकीद दिली आणि कामाला लागली.

पहिलाच ठोकळा तिनं घेतला सगळ्यात लहान. त्यावर मोठा. त्यावर त्याहून मोठा. मनोरा एका अंगाला कलायला लागला आणि बाईंची जीभ वळवळायला लागली. त्यात पोरीनं गोष्टींच्या कोपऱ्यातली उशी ओढत आणून फरशीवर टाकली. झालं! बाईंचे हात शिवशिवले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. लिहिण्यापुरता उजवा हात मोकळा ठेवून डावा त्या मांडीखाली दाबून बसल्या.

मुकादम पोटावर आडवी झाली. एक डोळा मिटून तिनं मनोऱ्याकडे बघितलं, मग उशीकडे. उशी थोडी सरकवली. पुन्हा बघितलं, पुन्हा सरकवली. मग उठून सगळ्यात लांब ठोकळा वर ठेवला आणि एका बोटानं हलकेच टोचलं.

धप्प! अख्खा मनोरा उशीवर. एकही ठोकळा फरशीला लागला नाही.

बेत? बेताचा बाप होता हा! बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. पोरगी वर्षभर पडायचाच मनोरा बांधत होती, आणि त्या रोज उशी उचलून जागेवर नेत होत्या. मग ठोकळे फरशीवर धडाधड आपटायचे आणि वर याच म्हणायच्या, "बघ, सांगितलं होतं ना!" काखेत कळसा नि गावाला वळसा. बाईंना रडू आलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

मुकादम त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आता सांग काय सांगायचंय ते."

बाईंनी आठवून बघितलं. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं.

"पुन्हा दाखवशील?" त्यांनी विचारलं.

मुकादमनं ठोकळे बाजूला केले, उशी उचलली आणि बाईंच्या हातात दिली. "या वेळी उशी तू ठेव," ती म्हणाली. "कुठं ठेवायची ते मी सांगते."