बद्द वाजलेला चिमटा

मी चिमटा बोलतोय. चुलीवरचा नाय, सायकलचा. पुढचं चाक ज्याच्या दोन पायांमधी बसतं, तो. बोलायची मला सवय नाय आन् गोड बोलायची तर आजिबात नाय. पण खाली भंगारवाल्याची हातगाडी येऊन उभी हाय, आन् जायच्या आधी मला एका माणसाचे आभार मानायचे हायत. त्यानं मला कापला.

मी पहिला नुसता पाइप व्हतो. गावाकडच्या एका कारखान्यात पट्टी वळवून मला नळी केला, बांधून टेम्पोत टाकला आन् चारकोपच्या इंडस्ट्रीतल्या एका गाळ्यात आणून आपटला. आल्या आल्या डोस्कं फिरलं. वारा नाय, उजेड नाय, शेजारी प्लॅस्टिकची मशीन दिवसभर धडधडतेय. बाकीचे पाइप म्हणायचे, गप पड, तुझं खिडकीचं ग्रिल होणार.

गाळा दत्तारामाचा. माणूस मालवणकडचा, साठीला टेकलेला, बनियनवर काम करणारा. सगळा जन्म ग्रिल आन् गेट जोडण्यात गेलेला. तोंड लई खराब. पाना जागेवर नाय दिसला की त्या पान्याच्या खानदानाचा उद्धार. मला तो लगेच आवडला.

मग एक दिवस जॅकलिन आली. मरोळच्या गावठाणातली, जुन्या ख्रिस्ती घरातली, दातांच्या दवाखान्यात कामाला. उंचीनं बुटकी, आवाजानं मोठी. म्हणाली, सायकल बनवून पाहिजे, सीट नको. दत्तारामानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आन् विचारलं, बसणार कुठं, माझ्या डोक्यावर?

तिचा खेळच तसला. ट्रायल म्हणतात त्याला. कुठं जायचंच नाय. दगडावरनं दगडावर, पाइपावरनं कठड्यावर सायकलसकट उड्या मारायच्या, एका चाकावर तोलून उभं राहायचं, आन् पाय जमिनीला लावायचा नाय. बाहेरनं येणाऱ्या सायकली तिला मोठ्या पडायच्या, म्हणून ती मापाची बनवून घ्यायला आलेली. दत्तारामानं आधी शिव्या घातल्या, मग माप घेतलं. ग्रिल व्हायचा मी, चिमटा झालो. हा माझा पहिला आनंद.

आता ब्रेकचं ऐका, सगळं त्याच्यावरच हाय. ह्या खेळात ब्रेक म्हणजे जीव. पुढच्या चाकावर उभं राहायचं ते ब्रेक दाबूनच. सगळं वजन, सगळा झटका त्याच्यावर. आन् तो ब्रेक बसतो एका जाड लोखंडी तुकड्यावर, जो माझ्या डाव्या पायाला जोडलेला. दत्ताराम त्याला कान म्हणायचा. तो कान त्यानं आपल्या सवयीनं वेल्डिंग करून जोडला. चारी बाजूंनी, ठासून, भरगच्च. जेवढं जास्त तेवढं मजबूत. गेटला ते चालतं. माझी भिंत पापडासारखी पातळ. ती कानाच्या कडेला जळाली, कडक झाली. वरून काळा रंग मारल्यावर मी असा झकास दिसायला लागलो की कोणाला काय कळणार.

पुढचे दिवस मात्र मजेचे. सुट्टीच्या सकाळी जॅकलिन मला घेऊन मरोळला पडलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांवर जायची. बरोबर मिहिर, तिच्याबरोबर खेळणारा मुलुंडचा मित्र. ती पडायची, शिव्या द्यायची, उठायची. माणसांची एक सवय मला तिथं कळली. बिनसीटची सायकल बघितली की प्रत्येक बाप्याला वाटतं, हा विनोद जगात आपल्यालाच सुचला. "मॅडम, सीट चोरीला गेली काय?" ती प्रत्येकाला एकच सांगायची, हो, तुमच्यावरच डाऊट आहे.

अशात निवड जाहीर झाली. ठाण्याच्या पलीकडच्या मैदानात, रविवारी. जो निवडला जाईल तो बाहेरच्या देशात खेळायला जाणार. जॅकलिन लई वर्सं ह्याचीच वाट बघत व्हती. मागं एकदा तिचे पुढचे दात पडलेले, तेव्हापासून तिची आई एथेल ह्या खेळाचं नाव काढू देत नव्हती. त्या आईलाबी तिनं पटवलं.

आन् माझ्या पायात चीर पडलेली. कानाच्या कडेनं, रंगाच्या खाली. मला कळत व्हतं. रोज थोडी पुढं सरकत व्हती. पण मी सांगू कुणाला? राग राग करून घेतला नुसता.

शनिवारी ती ब्रेक कसून घ्यायला गाळ्यात आली, मिहिरबी व्हता. दत्तारामाची एक सवय, समोर आलेल्या लोखंडावर पान्यानं टकटक करायची. उजव्या पायावर मारलं, खण्ण वाजलं. डाव्यावर मारलं, बद्द. त्याचा हात थांबला. परत मारलं. बद्द. मडकं विकत घेताना बाया बघतात ना, तसं.

त्यानं चाक काढलं, पॉलिश पेपरनं रंग घासला. केसाएवढी रेघ दिसली. जॅकलिन म्हणाली, हा तर पेपरचा ओरखडा आहे. मिहिरनं मोबाइलची बत्ती मारून बघितलं, त्यालाबी ओरखडाच वाटला. खरं सांगायचं तर दत्तारामालासुद्धा खात्री नव्हती. कपाळावरनं घाम पुसत तो नुसता माझ्याकडं बघत बसला. दुसरा चिमटा तिच्या मापाचा नव्हता, नवीन जोडून, गार करून द्यायला वेळ नव्हता.

जॅकलिनचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "काका, फक्त उद्याचा दिवस. टिकेल ना?"

"टिकात पन," दत्ताराम म्हणाला. "म्हनानच कापतंय."

आन् ती पुढं यायच्या आत त्यानं ग्रायंडर चालू केला आन् माझा कान मुळापासनं उडवला. टिकंलबी, म्हणूनच कापतो, असं त्याचं म्हणणं. तुटणार हे नक्की असतं तर ती स्वतःच बसली नसती. टिकेल ह्या आशेवरच माणूस मरतो, हे त्या म्हाताऱ्याला कळलेलं.

ती काय काय बोलली ते मी सांगत नाय. माझी वाट लावली, तुमची वाट लावीन, सगळं झालं. दत्ताराम, जो पान्याला सोडत नाय, तो खाली मान घालून ग्रायंडरची वायर गुंडाळत बसला. ती तशीच निघून गेली. सायकलीचा सांगाडा आन् सुटा केलेला मी, दोघं गाळ्यातच राहिलो. रविवारी निवड झाली, दुसरंच कोणीतरी निवडलं गेलं. मिहिरनं येऊन सांगितलं, ती मैदानात आली व्हती, सगळा वेळ दोरीच्या बाहेर उभी.

त्यानंतर दत्तारामाचं जेवण कमी झालं. मला हातात घ्यायचा, ती रेघ बघायचा, ठेवून द्यायचा. खरंच ओरखडा असंल तर? एका पोरीचं नशीब आपण ग्रायंडरनं कापलं. हे तो बोलला नाय, पण बिडी विझल्यावर ओढत बसलेला माणूस काय विचार करतो ते कळतं.

मग ती आली, सांगाडा न्यायला. दुसऱ्या वेल्डरकडं देणार म्हणाली. मला बघितल्यावर तिचं टाळकं परत सरकलं. मला उचललं, वाइसमधी, म्हणजे लोखंड घट्ट पकडायच्या शिकंज्यात, आवळलं, डाव्या पायात लांब पाइप घातला आन् म्हणाली, बघा, किती टिकतो तो. दोन्ही हातांनी जोर लावला.

जोर कसला, निम्माबी लागला नाय. कट्ट. पाय तुटून पाइपासकट खाली आन् जॅकलिन फरशीवर बसकण मारून.

तिनं तुटलेली बाजू जवळ घेऊन बघितली. अर्ध्याच्या वर जुनी, गंजलेली, काळी. ताजी चमक फक्त एका कोपऱ्यात. तेवढ्या कोपऱ्यावर ती त्या रविवारी उड्या मारणार व्हती.

दत्ताराम खाली उकिडवा बसला. म्हणाला, माझोच हात गो, माझोच.

तिनं नाक पुसलं. "नवीन कधी देताय?"

"मागे लागलंस तर गावचो नाय."

मिळणार नाय म्हणाला, पण दिला मात्र. ह्या वेळी कानाखाली आधी रुंद पट्टी बसवली, पाइपाला मिठी मारल्यासारखी. लांबीनंच जोडली, टोकं मोकळी सोडली, थोडं वेल्डिंग मारायचा आन् गार होईस्तोवर बाहेर जाऊन बसायचा. एथेलनं त्याच्यासाठी चिंबोऱ्यांचा डबा पाठवला. मसाला जास्त झालाय म्हणाला आन् डबा बोटानं पुसून खाल्ला.

जॅकलिनला मी भिंतीवर टांगायला पाहिजे व्हतो. मी काय कोणाच्या सासऱ्याचा फोटो हाय? दत्ताराम म्हणाला, लोखंड हा, जावंदे. बरोबर बोलला. वितळीन, परत काहीतरी होईन. ग्रिल झालो तरी चालंल.

गाडीवाला हाका मारतोय. दत्तारामा, तुझे उपकार रे बाबा. मी तुटलो, पण वाइसमधी तुटलो, अंगावर कोणी उभं नसताना. चिमट्याला ह्याच्यापेक्षा चांगलं मरण कुठलं?