तिसऱ्या भोकातलं मेण

एव्हान्थियाबाईनं माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आणलेली ही चौथी क्लॅरिनेट.

"बँडपथक काढताय की काय?" मी विचारलं.

"थट्टा पुरे, थिमिओसदादा. आधी हिचं वय सांगा."

तिचे वडील लाम्ब्रोस पोगोनीच्या डोंगरातले नावाजलेले वादक. एकसष्ट साली ते क्लॅरिनेट बगलेत मारून जर्मनीला कारखान्यात कामाला गेले. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. तेव्हा तीन वर्षांची असलेली लेक आता पिकल्या केसांची झाली. आई हाइदो मात्र अजून निळाच रुमाल बांधते. तिनं विधवेचा काळा बांधला नाही, मेलेल्या माणसासाठी वाटतात तसे नवऱ्याच्या नावानं गहू शिजवून चर्चमध्ये वाटले नाहीत. जत्रेत नाचाआधी मेलेल्यांसाठी विलाप वाजायला लागला की ती उठून घरी जाते. "त्याची क्लॅरिनेट माझ्या हातात येऊ दे," म्हणते. "जीव असेपर्यंत तो ती सोडायचा नाही." म्हणून जर्मनीहून आलेल्या जुन्या सामानात क्लॅरिनेट निघाली की यानिना शहरातला जुन्या वस्तूंचा व्यापारी लेकीला फोन करतो.

"आई ओळखते कशी पण?" मी विचारलं.

"डोळे गेलेत तिचे. बोटानं चाचपते आणि परत देते. खूण काही सांगत नाही. म्हणते, सांगितली तर तुला ती प्रत्येकीत दिसेल."

आधीच्या तिन्ही मला फार नव्या वाटल्या होत्या. ही तशी नव्हती. काळं लाकूड वाळून राखाडी झालेलं, वरच्या भागाला केसासारखी चीर, चाव्यांखालच्या चामडी गाद्या उंदरांनी खाल्लेल्या. कारखान्याचा शिक्का झिजून गेला होता. मी त्यावर खडूची पूड चोळली आणि हलकेच फुंकर मारली. अर्धा तारा उमटला, त्याखाली गावाच्या नावाची चार अक्षरं. तेरा चाव्या, जुन्या धर्तीच्या. पहिल्या महायुद्धाच्या आधीचं काम.

"वय जुळतंय," मी म्हटलं.

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

मी आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. चर्चमध्ये गाणारा माणूस मी. पाद्रीबुवा प्रार्थना सुरावर घेतात तेव्हा अजून माझ्या अंगावर काटा येतो. या बाईचा बेचाळीस वर्षांचा अडकलेला हुंदका आपल्या हातून मोकळा व्हावा असं फार वाटत होतं. चीर बुजवली, लाकडाला बदामाचं तेल पाजलं, गाद्या नव्या बसवल्या. सगळी भोकं आतून लख्ख केली. मग पोगोनीला मीही गेलो. म्हटलं, आजीला वाजवून दाखवू.

हाइदोआजी अंगणातल्या बाकावर बसली होती. क्लॅरिनेट मांडीवर घेतली, वरून बोट फिरवत आणलं आणि तिसऱ्या भोकावर थांबवलं. बोटाचं टोक आत घालून गोल फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"नाही," ती म्हणाली. "ही त्याची नाही. एव्हान्थिया, पाहुण्याला कॉफी दे."

लेक जागची हलली नाही. "आई, वय जुळतंय गं. दादांनी सांगितलंय."

"वय माझंही जुळतं पुष्कळ बायकांशी."

"आजी," मी विचारलं, "काय शोधत होतात त्या भोकात?"

"आता सांगायला काय हरकत! मेण. एक सूर त्याला चढा लागायचा, आमच्या विलापात बसायचा नाही. म्हणून ईस्टरच्या मेणबत्तीचं मेण आत लावायचो."

मेण होतं. मी ते घाण समजून सुईनं कोरून काढलं होतं आणि शेगडीत टाकलं होतं. क्षणभर मनात आलं, म्हणावं की थांबा, अजून एकदा साफ करून आणतो, आणि आठवड्यानं मेण भरून आणावं. आजीला कुठं दिसतंय? पण ज्या तोंडानं रविवारी देवाचं नाव घेतो, त्याच तोंडानं हे कसं बोलू?

"आजी, मेण होतं," मी म्हटलं. "मीच काढलं. मला वाटलं, कुण्या अडाण्यानं भरलंय."

एव्हान्थिया माझ्याकडे बघतच राहिली. "दादा! काढलंत? कुठं आहे ते?"

"जाळलं."

"माझं समाधान करायला बोलतोयस का, पोरा?" आजी म्हणाली. "मेण कोणीही भरतं. आणखी काय होतं त्यात?"

"काही नाही. एक केस होता, लांब, काळा. मेणात गुंडाळलेला. जळताना वास आला तेव्हा मी नाक मुरडलं."

आजीचा हात क्लॅरिनेटवर तसाच राहिला.

"मेण नुसतं गळून पडायचं," ती म्हणाली. "म्हणून त्यात माझा केस गुंडाळून द्यायचे मी. निघताना नवा दिला होता. त्याला म्हटलं, तिकडे गोऱ्या बायकांचा वापरशील तर सूर बिघडेल. तो हसला." ती थांबली. "काढला नाही त्यानं. शेवटपर्यंत बोटाखाली ठेवला."

मी तिच्या पायाशी बसलो. "आजी, मी काय केलं हे!"

"तू नसता काढलास तर आतला केस मला कळला असता थोडाच?" तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मान वळवली. "एव्हान्थिया, कॉफी राहू दे. गहू भिजत घाल. आणि पेटीतला काळा रुमाल आण."

लेक तोंडावर हात धरून आत गेली. आतून पातेल्यात गहू पडल्याचा आवाज आला.

"वाजव आता," आजी म्हणाली.

"तो सूर चढा लागेल, आजी. थोडं मेण लावू का?"

"नको. आता ते भोक उघडंच राहू दे."

मी विलाप सुरू केला. या वेळी ती उठून गेली नाही. तो सूर यायच्या आधी तिनं निळा रुमाल सोडला.