ट्रकचा पहिला घोट

आमची लेक सात महिन्यांची झाली, तरी दुपारी झोपायची ती फक्त ट्रकमध्येच. पाळणा, अंगाई, खांदा, सगळं करून झालं होतं. सासऱ्यांचा तीस वर्षांचा पेट्रोलचा ट्रक घुरघुरला, की मात्र तिचे डोळे मिटायचे. मग बाबा आम्हाला पुलापर्यंत फिरवून आणत. उतार दिसला की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारा माणूस, पण नातीसाठी रोज फेरी. तेवढ्यात मीही डुलकी काढायचे. दिवसभरातली माझी झोप म्हणजे तेवढीच. रात्रीचं विचारूच नका.

पण महिनाभरापासून ट्रक वेग घेताना अडखळू लागला. चौकात हळू करून बाबांनी पुन्हा एक्सिलरेटर दाबला, की क्षणभर त्याचा श्वास अडकायचा, मग हिसका देऊन सुटायचा. लेक जागी, मी जागी.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलची जाळी धुतली.

"काका, वयोमानाने होतं असं."

"माझ्यापेक्षा लहान आहे तो," बाबा म्हणाले. "मी अडखळतो का?"



"हळू असताना एकदम दाबला, तरच ही उठते," मी म्हणाले. "हलकेच दाबला तर नाही. पुलावर वेगात असताना तर गाढ झोपते."

"वहिनी, पोरीवरून इंजिन तपासायचं?"

"तुझ्या कानांपेक्षा तिची झोप सावध आहे," बाबा म्हणाले.

इंजिन बंद करून डॉक्टरने कार्बोरेटरचं तोंड उघडलं. "एकदम दाबलं की आत पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. इंजिनाचा पहिला घोट. त्यासाठी आत छोटा पंप असतो."

त्याने हाताने दांडी ढकलली. आम्ही वाकून पाहिलं. कडेवरची लेकही वाकली. पिचकारी कसली, एक थेंब ओघळला.

असंच मी सकाळी घरी पाहिलं होतं. लेकीच्या औषधाच्या ड्रॉपरचा फुगा चिरला होता. कितीही दाबा, नुसती हवा.

"पंपाचं रबर गेलंय," मी म्हणाले.

डॉक्टरने पंप काढला. टोकाची टोपी सुकून खारकेसारखी झाली होती. "रबर नाही वहिनी, चामडं आहे."

"चला, रोग सुनेने ओळखला, नाव तरी तुला ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

नवी टोपी बसली. दुसऱ्या दिवशी चौकात बाबांनी श्वास रोखून एक्सिलरेटर दाबला. ट्रक अलगद निघाला. लेक हललीसुद्धा नाही. आनंदाच्या भरात बाबांचा हात हॉर्नकडे गेला. मी नुसतं पाहिलं. हात तिथूनच डोकं खाजवायला वळला.

मला जाग आली तेव्हा ट्रक घरासमोर उभा होता, इंजिन चालू. खिडकीबाहेर बाबा आणि विचारपूस करायला आलेला डॉक्टर कुजबुजत होते.

"काका, अर्धा तास झाला. टाकी रिकामी होईल."

"होऊ दे. दोघी झोपल्यात."

मी डोळे पुन्हा मिटून घेतले.