डाग गेले तरी
पोपट मोहिते तुर्भ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत मदतनीस होता. १९८४ साली त्याचे साहेब मद्रासला बदलून गेले आणि जाताना आपली समुद्री माशांची काचेची टाकी त्याला देऊन गेले. टाकी वाशीच्या दोन खोल्यांत आली तेव्हा पोपटची बायको गिरजा क्षयाच्या दुसऱ्या दुखण्यातून जेमतेम उठली होती. गोळ्या चालूच होत्या. दिवसभर घरात एकटी असते, तिला विरंगुळा होईल, असं पोपटला वाटलं.

टाकीत तीन मासे होते. दोन पिवळे, पानासारखे चपटे, आणि एक नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेला. थोड्याच दिवसांत पिवळ्यांच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे ठिपके दिसू लागले. ते दगडाला अंग घासायचे, धापा टाकायचे. पोपटनं त्यांना वेगळ्या टबात ठेवलं आणि पाण्यात तोलून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घातलं. ठिपके गेले. त्यानं मासे टाकीत सोडले, तर ठिपके परत आले. पुन्हा टब, पुन्हा मोरचूद, पुन्हा टाकी. असं करता करता दोन्ही पिवळे मेले, आणि नारिंगीच्या शेपटीवर ठिपके उमटले.

“हा तरी कुणाला देऊन टाका,” गिरजा म्हणाली. “मला नाही बघवत.”

“आजारी मासा कोण घेणार?”

सुट्टीच्या दिवशी पोपट मुंबईच्या मत्स्यालयात गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“ठिपका गेला म्हणजे किडा मेला असं नाही,” तो म्हणाला. “तो माशाला सोडून तळाला जाऊन बसतो. तिथं एकाचे शेकडो होतात आणि परत मासा शोधायला निघतात. मासा सापडला नाही तर मरतात. तेव्हा टाकी दोन महिने बिनमाशाची ठेवा. आणि ह्याला दर तिसऱ्या दिवशी धुऊन वाळवलेल्या दुसऱ्या टबात, नव्या पाण्यात हलवत राहा. मोरचूद पुरे आता, आधीच थकलाय तो.”

नवं पाणी म्हणजे समुद्राचं, आणि वाशीच्या खाडीत नुसता गाळ. पोपटबरोबर काम करणारा नामा करावे या कोळ्यांच्या गावचा होता. पोपटनं त्याच्याकडे समुद्राचं पाणी मागितलं.

“पानी कशाला रं? मीठ पिकवतंस काय घरात?” नामा हसला. मग हकिगत ऐकून म्हणाला, “माजा भाव होडी घेऊन लांब बाहेर जातो. तो डबे भरून आनील. वयनीला सांग, काळजी नको करू.”

नारिंगी मासा टबात आला. आडोशाला पाइपचा एक तुकडा, बाकी काहीच नाही. तो पाइपात शिरून बसला आणि खाईना. पोपट कामावर गेला की गिरजा स्टूल घेऊन टबापाशी बसायची, कोलंबीचा बारीक तुकडा सोडायची, तसाच राहिला की वाटीनं काढून टाकायची. “खा रे,” म्हणायची. “इथं कुणी बघत नाही.”

एकदा टब बदलायच्या दिवशी पोपटला कारखान्यात थांबावं लागलं. जड डबा तिला उचलवेना. तिनं तांब्या-तांब्यानं पाणी भरलं, माशाखाली वाटी घातली, तर तो उडाला तो थेट फरशीवर. गिरजा किंचाळली. मग ओल्या हातांची ओंजळ करून तिनं त्याला उचललं आणि नव्या पाण्यात सोडलं. कितीतरी वेळ ती तशीच भिंतीला टेकून बसून राहिली. संध्याकाळी त्यानं पहिल्यांदा कोलंबी खाल्ली.

हळूहळू ठिपके गेले. पोपट खूश झाला.

“साफ झालाय. आज टाकीत सोडू या.”

“अजून नाही.”

“अगं, एक ठिपका दाखव.”

“मलाही खोकला राहिला नव्हता,” गिरजा म्हणाली. “तेव्हाच आपण गोळ्या बंद केल्या.”

पोपटच्या हातातली जाळी तशीच राहिली. या गोष्टीबद्दल दोघं आजवर कधी बोलले नव्हते.

“मीच म्हणालो होतो,” तो म्हणाला. “झालीस की बरी, आता कशाला गोळ्या. दवाखान्यात तू होतीस तेव्हा वाटायचं, मनातून मला दोष देत असशील.”

“देत होते. आधी आधी,” ती म्हणाली. “पण मलाही त्या नकोच होत्या. पोटात ढवळायचं. तुम्ही म्हणालात, मला बरंच वाटलं.”

पोपट खाली बसला. तिनंच मग त्याचा दंड धरून हलवलं. “उठा. नामाकडून पाणी आलंय, डबा तुम्ही धरा.”

दोन महिने सरले तेव्हा मासा टाकीत गेला. त्यानं दिवसभर दगडामागे काढला, मग कडेकडेनं फिरून सगळी टाकी पाहिली. ठिपके पुन्हा आले नाहीत. हिवाळ्यात गिरजाचा एक्स-रे स्वच्छ आला. तरीही डॉक्टर सांगेपर्यंत तिनं गोळ्या घेतल्या.

नामा बायकोला घेऊन जेवायला आला तेव्हा त्याची बायको गोजरा टाकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

“एवढ्याशा जिवासाठी एवढं पानी व्हायलंस?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मी नाय, भावानं,” नामा म्हणाला. “मी निस्ते डबे मोजले.”

गिरजानं कोलंबीची वाटी गोजराच्या हातात दिली. “तुम्ही घाला,” ती म्हणाली. “घेतो तो हातातून.”