त्या घोड्यावरून कोणी पडलं नाही

वाळूचं बाळ तिने लाकडी घोड्याच्या पाठीवर बसवलं, थोडं मागे, शेपटीजवळ सरकवलं आणि हात काढून घेतले. घोडा एकदा पुढे झुकला, एकदा मागे झुकला, आणि मग पुढचे पाय हवेत घेऊन सरळ उताणा झाला. बाळाचं डोकं फरशीवर आपटलं. शिवण उसवून थोडी वाळू बाहेर आली.

"अगं, किती वेळा मारशील त्याला?" पलीकडे करवतीला धार लावता लावता नवरा म्हणाला.

तिने सांडलेली वाळू गोळा केली. सुई-दोरा तिच्या गळ्यातच लोंबत होता. बाळाला मांडीवर घेऊन ती डोकं शिवायला बसली. भिंगरीच्या जुन्या विजारीत वाळू भरून तिनेच ते बनवलं होतं, वजनाला बरोबर भिंगरीएवढं. भिंगरी म्हणजे तिची अडीच वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव आता घरात कोणालाच आठवत नव्हतं. एका जागी थांबणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून भिंगरी. ती दुपारी झोपली की तिची आई जिना उतरून खाली कारखान्यात यायची आणि एक कान वर छताकडे ठेवून काम करायची. खाट करकरली की हातातलं टाकून वर पळायचं.

कारखाना म्हणजे घराचाच तळमजला. एका अंगाला लाकडं आणि करवत, दुसऱ्या अंगाला रंगाचे डबे, मधे भुसा उडू नये म्हणून टांगलेली ताडपत्री. गाड्या, ठोकळे, पाळण्यावरची पाखरं असं सगळं इथे व्हायचं, पण ओळख होती ती घोड्याची. सासऱ्यांनी पहिला घोडा केला तो थोरला मुलगा रांगत होता तेव्हा. उंच, ताठ मानेचा, पायांखाली दोन निमुळत्या कमानी, त्यावर तो डुलायचा. बघणाऱ्याने हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये असा. मागणीप्रमाणे वर्षाला पाच-सात व्हायचे. बाकी आयुष्य गाड्यांनी पोसलं, पण सासरे स्वतःची ओळख करून द्यायचे ती घोडेवाला म्हणूनच.

तो पहिला घोडा भिंगरीसाठी माळ्यावरून खाली आला होता. मुलगी खूश, आजोबा तिच्याहून खूश. आणि मग एका सकाळी दूध उतू जायला लागलं म्हणून ती गॅसकडे वळली, वळून परत बघते तर भिंगरी शेपटीला धरून मागून घोड्यावर चढलेली आणि घोडा उताणा व्हायच्या बेतात. फ्रॉकचं टोक हाताला लागलं म्हणून निभावलं. दूध सगळं ओट्यावर गेलं. ती तशीच, मुलीला पोटाशी घट्ट धरून, दुधाच्या ओघळात उभी राहिली. त्याच दिवशी तिने घोडा उचलून कारखान्यात आणून ठेवला. लग्नाआधी ती एका कचेरीत खुर्च्यांची आरेखनं करायची. माणूस खुर्चीत कसा बसतो हे कोणी विचारत नाही, कसा बसायला हवा एवढंच विचारतात, असं तिचं तिथलं भांडण होतं. आता तेच भांडण घरात आलं.

कारण मधेच एक मोठी मागणी चालून आली होती. गावोगावी दुकानं असलेल्या एका कंपनीला डुलणारं खेळणं हवं होतं, शेकड्यांनी. खरेदी बघणाऱ्या बाई स्वतः येऊन निवडणार होत्या. सासऱ्यांच्या डोळ्यांत तेव्हापासून झोप नव्हती. घोडा आता घरोघरी जाणार होता. एवढे नग हाताने होणार नव्हते, यंत्रावर कापून घ्यायचे तर मापांसकट आरेखन हवं, आणि ते घरात फक्त सुनेला येत होतं.

"मी घोडा काढणार नाही," ती म्हणाली.

सासऱ्यांना आधी वाटलं, वेळ नाही म्हणून म्हणते. मग वाटलं, मान हवाय. मग ते चिडले. तिने त्यांना बोलावून वाळूचं बाळ तीनदा आपटून दाखवलं. कमानीखाली गाजर ठेवून घोडा डुलवला. गाजराचे कट्कन दोन तुकडे झाले. शेजारी बसलेल्या धाकट्या भावंडाचं बोट असंच जाईल, ती म्हणाली. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "चिरायचं काम वाचलं." आणि तुकडे उचलून घेऊन गेल्या.

सासऱ्यांकडे एकच उत्तर होतं, आणि ते त्यांनी त्या महिन्यात इतक्यांदा दिलं की भिंगरीलाही पाठ झालं. माझी तीन पोरं या घोड्यावर वाढली. एकाच्या अंगावर ओरखडा नाही.

अडचण अशी, की ते खरं होतं. तिने नवऱ्याला विचारलं, नणंदेला फोन केला, थोरल्या दिरांना खोदून खोदून विचारलं. कोणी पडलं नव्हतं. नणंद तर हसून म्हणाली, मी झाडावरून पडले, गच्चीच्या जिन्यावरून पडले, घोड्यावरून नाही बाई. ती फोन ठेवून घोड्याकडे बघत बसली. तिच्या हातून तो दहातल्या आठ वेळा उलटत होता, आणि तीन दांडगी मुलं त्याच्यावर वर्षानुवर्षं सुखरूप डुलली होती. या दोन गोष्टींचा मेळ लागेना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्याही तिला तेच दिसायचं.

मेळ लागला नाही तरी तिने हट्ट सोडला नाही. तिचं स्वतःचं काम ती तेवढ्याच चोरलेल्या दुपारींमध्ये पुढे ढकलत राहिली. बैठक इतकी खाली, की बसलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकावेत. पोट रुंद, आणि कमानी त्या पोटाखाली आत घेतलेल्या, म्हणजे शेजारच्याचं बोट तिथवर पोचू नये. कमानींची टोकं सपाट, डुलणं तिथे येऊन अडायचं, त्यापुढे काही केल्या जायचं नाही. पहिला कच्चा नमुना उभा राहिला तेव्हा सासूबाईंनी जिन्यातूनच निकाल दिला.

"घोडा म्हणे. ही तर बसकी म्हैस झाली."

नवरा हसला. तीही हसली, पण हसता हसता तिने पेन्सिल उचलली. घोड्याला धरायला हँडल म्हणून मानेतून आरपार दांडा असायचा, त्याची टोकं कोणाच्याही डोळ्यात जातील अशी. म्हशीला शिंगं असतात. ती मागे वळवली, गोल फिरवून खांद्याला आणून चिकटवली, की बाहेर टोक म्हणून उरतच नाही आणि छोट्या मुठीला धरायला मस्त जागा होते. त्या दुपारी खाट करकरलेलीही तिला ऐकू आली नाही. भिंगरी स्वतःच जिना उतरून, एकेका पायरीवर बसत बसत, खाली येऊन उभी राहिली होती.

नवरा मधल्या मधे भरडला जात होता. दोन्ही दाखवू, तो म्हणाला. बाई काय ते निवडतील, आपल्यावर बोल नको.

"निवडू देत," ती म्हणाली. "त्यांनी घोडा निवडला तर कापून घ्यायला दुसरा माणूस बघा. मी पट्टी लावणार नाही त्याला."

"बाबांचं मन मोडेल गं."

"मोडू दे. मन जुळतं परत."

तो परत करवतीकडे वळला. पण दुसऱ्या दिवशी म्हशीचं पोट त्याने स्वतःहून घासून गुळगुळीत करून ठेवलेलं तिला दिसलं.

खरेदीच्या बाई आल्या त्या दिवशी ताडपत्री वर गुंडाळली होती आणि फरशी पुसून काढली होती. दोन्ही खेळणी शेजारी शेजारी मांडली होती. घोडा तोच, पहिला, सासऱ्यांनी नव्याने पॉलिश केलेला. बाई बऱ्यापैकी तरुण होत्या, चटपटीत, बोलता बोलता फोनवर फोटो काढणाऱ्या. म्हशीकडे बघून त्या छान हसल्या, गोड आहे म्हणाल्या. घोड्याकडे बघून मात्र त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. सासऱ्यांची पाठ ताठ झाली.

"काका, याच्यावर एखादं मूल बसवता येईल? नुसत्या लाकडाचा फोटो जिवंत वाटत नाही."

भिंगरी तिथेच होती. तिने केव्हाच दोन्ही हात वर केले होते. सासऱ्यांनी तिला उचललं.

"बाबा, ती त्याच्यावर बसणार नाही," सून म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, तरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. बाईंनी फोन खाली घेतला.

"माझी नात आहे ती."

"माझी मुलगी आहे."

भिंगरी दोघांच्या मधे हवेत पाय हलवत होती. तेवढ्यात ताडपत्रीजवळून स्टूल ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी ते घोड्याच्या मागे आणून टेकवलं आणि गुडघे सांभाळत त्यावर बसल्या.

"बसू दे गं," त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

त्यांनी चप्पल काढली आणि उजवा पाय पुढे केला. न बघता. पाय सरळ कमानीच्या मागच्या टोकावर गेला आणि अंगठा नि बोटं यांच्यामध्ये त्यांनी ती कड धरली, पक्कड धरावी तशी. सून बघत राहिली. त्या जागी लाकूड दबलेलं होतं, बशीसारखं खोलगट, आणि नवीन पॉलिशही तिथे धरलं नव्हतं. तिने हा घोडा इतक्यांदा उलटा-सुलटा केला होता, तो खड्डाही मोजला होता. लाकडातला दोष म्हणून.

सासऱ्यांनी भिंगरीला घोड्यावर टेकवलं. ती उड्या मारायला लागली. घोडा डुलला, पण अगदी बेताने, पायाने दिला तेवढाच.

"वा," बाई म्हणाल्या. मग फोन डोळ्यांपासून जरा दूर नेऊन, "आजी, तेवढा पाय काढता का? फोटोत येतोय."

सासूबाईंनी आपल्या पायाकडे पाहिलं. जणू तो तिथे आहे हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"काढला तर धरेल कोण?"

बाई हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही. सून स्टुलाजवळ येऊन उकिडवी बसली.

"आई," तिने हळूच विचारलं, "किती दिवस ठेवला होता?"

"दिवस कसले. हा शाळेत जाईपर्यंत." त्यांनी मुलाकडे हनुवटी उडवली. "आधी थोरला, मग पोरगी, मग हा. भाजी निवडायची, बटणं लावायची, ताप असला तरी इथेच बसायचं. पाय काढला की उलटायचाच तो."

"तू कधी बोलली नाहीस," सासरे म्हणाले.

"विचारलं कोणी? तुम्ही तर आल्या-गेल्याला सांगायचात, आमच्या हिचं बूड हलत नाही म्हणून."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. तो घरातला जुना विनोद होता, मुलांनाही माहीत असलेला. नवऱ्याने हातातला फडका उगाचच घडी घालून ठेवला. सासरे घोड्याकडे बघत होते, त्या खोलगट जागेकडे, जिथे एका पायाचा अंगठा अजून दाबून बसला होता.

मग सासूबाईंनी पाय उचलला. घाईने नाही. आधी एक, मग दुसराही, असे दोन्ही पाय वर घेऊन त्या स्टुलावर मांडी घालून बसल्या, गुडघ्यांना ते मुळीच झेपत नसताना. पदर सारखा केला.

"घ्या," त्या बाईंना म्हणाल्या. "काढा फोटो."

घोडा लगेच मागे कलला. सासऱ्यांचे हात भिंगरीच्या काखेत होतेच, ते आवळले गेले.

"काका, आता तुम्हीही जरा बाजूला व्हा ना," बाई म्हणाल्या. "एक सेकंद. हात सोडा फक्त."

सुनेच्या पायांत एक झटका येऊन गेला, उठायचा. ती उठली नाही. दोन्ही तळहात तिने फरशीवर टेकून ठेवले आणि सासऱ्यांच्या हातांकडे बघत राहिली.

सासरे बाजूला झाले नाहीत. भिंगरी खिदळत टाचा मारत होती, घोडा तिच्याखाली मागे-पुढे सुसाट निघाला होता, आणि ते वाकून, पाय फाकवून, तिला दोन्ही हातांनी धरून उभे होते. बाई फोन धरून थांबल्या. थोड्या वेळाने त्यांनी तो खाली घेतला आणि आपण काय बघतोय ते न कळून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी पुढे झालं नाही. मुलाने नाही, सुनेने नाही. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एक पाय जरा पुढे घेतला, मग परत मागे, पण हात तिथेच राहिले.

"कंबर भरून आली का?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"येते," त्या म्हणाल्या. "पहिली काही वर्षं येते. मग सवय होते."