जनान्याचं फोल्डर

"अब्बा, आता दिसून राहिलं काय?" सरफराजनं माडीच्या खिडकीतून खाली ओरडून विचारलं.

"दिसून राहिलं ना!" खालून आवाज आला. "पानठेला दिसून राहिला, पानठेल्यावरची बकरी दिसून राहिली. कंप्युटरवर तेवढं काई नाई."

अनीसा पदराआड हसली. दोन शिंगांचा तो वायरलेसचा डबा हातात धरून ती स्टुलावर उभी होती आणि नवरा सांगेल तसा तो कधी कपाटाकडे, कधी खिडकीकडे फिरवत होती. सरफराज अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये कंप्युटर सांभाळायचा आणि रविवारी बाळापूरला घरी यायचा. परतीच्या एसटीची वेळ होत आली होती आणि खालचा कंप्युटर काही केल्या वरच्याला ओळख देत नव्हता.

खाली अय्युबभाईंचा फोटो स्टुडिओ आणि वर सुनेची, अनीसाची, मिक्सिंगची, म्हणजे शूटिंग कापून जोडायची खोली. लग्नाच्या शूटिंगचं वरचं काम खाली आणि खालचं वर नेण्यासाठी आजवर एक टोपली होती, भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर ओढून घ्यायची तीच. हार्ड डिस्क तिच्यातूनच वरखाली व्हायची. एकदा डिस्कच्या जाळीत मेथीची काडी अडकली, तेव्हापासून एका नवरदेवाच्या वरातीत अधूनमधून हिरवं दिसतं, असं अय्युबभाई शपथेवर सांगत.

"आलं! आलं रे!" खालून आरोळी आली. "सारी शादी खाली उतरली!"

सरफराजनं पिशवी उचलली आणि एसटी गाठायला धावला.

बाळापूरच्या किल्ल्याची भिंत किती रुंद आहे ते सारा जिल्हा जाणतो. आपलं वायरलेस ती भिंत भेदून पलीकडे जातं, असं अय्युबभाईंनी संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगून टाकलं होतं. पुढे तर ते मन नावाच्या नदीपर्यंत पोचलं. नदीच्या पात्रात एक म्हैस आडवी उभी राहिली म्हणून, नाहीतर थेट अकोल्याच्या स्टेशनावर निघालं असतं. म्हैस कोणाची, तेसुद्धा ते नावानिशी सांगत.

घर चालायचं ते मात्र थापांवर नाही, एका शब्दावर. गावातल्या मुसलमानांच्या लग्नात मर्दांची बाजू अय्युबभाई शूट करत आणि बायकांची बाजू अनीसा. बायकांचं शूटिंग तीच करायची, तीच कापायची, तीच जोडायची आणि सीडी नवरीच्या आईच्या हातात द्यायची. मधे कोण्या पुरुषाची नजर पडायची नाही. हा शब्द दिला होता अनीसाच्या सासूनं, बिस्मिल्लाबीनं. सून नवी नवी कॅमेरा शिकली तेव्हा बिस्मिल्लाबी घरोघरी जाऊन सांगून आली होती, "माह्या जबानीवर पाठवा तिले." आणि अनीसा कापायला बसली की सासू जिन्याच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायची. मांजर जरी वर निघालं तरी ती आधी बोका आहे का बघायची, असं गल्लीत म्हणत.

गेल्या थंडीत बिस्मिल्लाबी गेली. पायरी रिकामी झाली, शब्द तेवढा राहिला.

वायरलेस आलं त्या आठवड्यात अय्युबभाई खोकत खोकत जिना चढले. ते कधी वर येत नसत. आले तर अर्ध्या जिन्यात थांबत. आजही तिथंच थांबले आणि भिंतीकडे बघत बोलले.

"अनीसा, तुह्या कंप्युटरचं कुलूप उघडं राहिलं बेटा."

"कोणतं कुलूप, अब्बा?"

"माहेनूरच्या शादीतली घोडी शोधून राहिलो होतो मी. मर्दाना उघडाले गेलो तं बाजूले जनाना. सरफराजनं तेबी खाली पाठवलं वाटते."

अनीसानं वळून कंप्युटरवर पाहिलं. सरफराजनं घाईत फक्त 'मर्दाना' फोल्डर खुलं करायच्या ऐवजी त्याच्या वरचं, अख्खं 'शादी'चंच फोल्डर खुलं केलं होतं. घराला दार लावायचं सोडून त्यानं फाटकच काढून ठेवलं होतं.

"काय काय पाहिलं, अब्बा?"

"बारीक बारीक चौकटी. झटक्यात बंद केलं. खुदाकसम." ते जिना उतरायला वळले आणि वळता वळता म्हणाले, "एका चौकटीत बिस्मिल्ला होती. ढोलकी घेऊन."

अनीसानं आधी नवऱ्याला फोन लावला. "तिथं कंप्युटर सांभाळता का म्हशी हाकता?" इथून सुरुवात करून तिनं त्याला अमरावतीत उभं राहता येईना असं केलं. मग त्यानं सांगितलं तसं फोल्डर बंद केलं आणि खाली जाऊन ते दिसत नाही ना, हे स्वतः पाहून आली.

पण चौकट बंद केल्यानं बंद होईना. अय्युबभाईंचं जेवण कमी झालं. मिक्सिंग करताना एका वरबापाच्या डोक्यावर गुलाब पाडायचे ते नवरीच्या रडण्यावर पाडले. पानठेल्यावर वायरलेसची विचारपूस झाली तर म्हणाले, "जाते बापा, वरतून खालपर्यंत." एवढंच. गल्लीला वाटलं, म्हातारा आजारी पडला.

शेवटी एका दुपारी जेवताना ते बोलले. घरात त्यांचं बोलणं उर्दूत सुरू होऊन वऱ्हाडीत संपायचं. त्या दिवशी ते सुरूच वऱ्हाडीत झालं.

"ते ढोलकीचं तेवढं मले पाठवशीन काय? बाकी नको."

अनीसानं भाकरी तव्यावरून उतरवली. सासूचा फोटो घरात नव्हता, हे तिला ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या बायकोचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा. तो इतका काळा, की मतदान केंद्रावरचा माणूस दर वेळी कार्ड उलटं धरून बघायचा. अय्युबभाई कॅमेरा घेऊन मागे लागले की बिस्मिल्लाबी म्हणायची, "साऱ्या गावाले तुमी मशीनमधून पाहता. मले तरी डोयानं पाहा."

"अब्बा, अम्मी तिथी एकटी नाई बसली," अनीसा हलकेच म्हणाली. "आजूबाजूले साऱ्या बाया हायेत, डोक्यावर पदर नसलेल्या. अन् जबान अम्मीनंच दिली होती."

अय्युबभाईंनी घास खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"बरोबर हाये तुहं," ते म्हणाले. "तिची जबान तिच्याच्यानं मोडली नसती, मी कोण लागून गेलो?"

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

त्या वर्षी लग्नं कमी होती. सोयाबीन हातचं गेलं, कापसाला भाव नाही. लोक लग्न उरकून घेत होते आणि शूटिंगच्या जागी चार फोटो काढत होते. अय्युबभाईंकडे दुसरंच काम वाढलं होतं. वाडेगावकडचा सूर्यभान आला तो त्याच कामासाठी. हा सूर्यभान त्यांचा जुना दोस्त, थापांना थापेनं उत्तर देणारा. पण त्या दिवशी तो पायरीवर चप्पल काढून उभा राहिला. त्या वर्षांत असं कोणी चप्पल काढून उभं राहिलं, की कोण गेलं एवढंच विचारायचं, कसं गेलं ते विचारायचं नाही.

"देवमन," सूर्यभान म्हणाला. धाकटा भाऊ. "फोटो नाई राजा त्याचा. भाचीच्या लग्नाची तुही सीडी आणली, पाह्य सापडते का."

अय्युबभाईंनी सीडी लावली. मांडव, नवरी, आहेर, सगळं मागं टाकत ते पंगतीवर आले. बुंदीची बादली घेऊन देवमन वाढत होता. कोणाच्या तरी पानात जबरदस्तीनं बुंदी ओतून हसत होता. अय्युबभाईंनी तिथंच चित्र थांबवलं. दोघं बराच वेळ बघत राहिले.

"फोटोत कोट घालून देऊ काय?" अय्युबभाईंनी विचारलं. "सारेच घालाले सांगतात."

"नको. कोटात माय ओयखनार नाई त्याले." सूर्यभाननं नाक पुसलं आणि भिंतीवर लावलेल्या फोटोंवरून नजर फिरवली. "भाभीचा कुठी लावला बे?"

"तिचा?" अय्युबभाई कंप्युटरकडे बघत म्हणाले. "अकोल्याले टाकला हाये. फ्रेम बनून राहिली."

अनीसा चहा घेऊन जिन्यात उभी होती. सासऱ्याच्या थापा तिनं किल्ल्याएवढ्या ऐकल्या होत्या, हसून सोडल्या होत्या. ही चिमूटभर होती. ती तिला हसून सोडता येईना.

दुसऱ्या दिवशी बुरखा घालून ती जुलेखाखालाकडे गेली. जुलेखाखाला म्हणजे माहेनूरची आई. ते ढोलकीचं शूटिंग त्यांच्याच अंगणातलं. अनीसानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, फोल्डर उघडं राहिलं ते आणि चौकटी दिसल्या तेही.

खालाच्या हातातला अडकित्ता थांबला. "म्हणजे माही बहू नाचून राहिली होती, ते अय्युबनं पाहिलं?"

"बारीक चौकटी होत्या. त्याईनं लगेच बंद केलं."

"कोण म्हणते लगेच?"

"तेच म्हणतात. त्याईनं सांगितलं नसतं तं मले कयलंच नसतं, खाला. अन् मी सांगितलं नसतं तं तुमाले."

"मंग कावून सांगाले आली? तोंड बंद ठेवता येत नव्हतं?" खाला उसळली. "धाकटीची शादी तुलेच देणार होती मी. आता नाई. बिस्मिल्ला होती तोवर ठीक होतं. तिच्या मांगं तुमच्या घराले दारच नाई राहिलं."

अनीसा मान खाली घालून बसली. काम जाणार, हे धरूनच ती आली होती. खालानं तोडलं की मोहल्ल्यातल्या बाकीच्याही तोडणार. पण आली होती ते मागितल्याशिवाय जायचं कसं?

"त्याईच्याजवळ अम्मीचा फोटो नाई," ती म्हणाली. "तुमाले साऱ्याजणींले पुसून टाकते मी. धुकं करून टाकते. फक्त अम्मी ठेवते. तुमी हो म्हनलं तं. नाई तं नाई."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. जुलेखाखालानं सुपारी कातरली, तोंडात टाकली, चावली.

"माह्या बाजूले बसली होती ते," ती म्हणाली. "ताल चुकवून राहिली होती. मी कोपर मारलं तं मलेच म्हणे, तुह्या गाण्याचाच पाय मुरगयला." तिला हसू आलं आणि ते तिनं पदरात गिळलं. "नीट पुसजो. माहं नाकबी दिसलं नाई पाह्यजे. बाकीच्या माह्या घरच्याच हायेत, त्यायचं मी पाहते. एक खेप पाहू दे बुढ्याले. दिवस बुडता मगरिबच्या अजानीले मिटवून टाकजो. जबान दे."

अनीसानं जबान दिली.

पुसायचं काम सोपं नव्हतं. नाचणाऱ्या बाया एका जागी थांबत नाहीत. धुकं त्यांच्या मागे मागे सरकवावं लागतं. अनीसा चूल आटोपली की बसायची. खाला, तिची सून, पाहुण्या, सगळ्या हळूहळू विरत गेल्या. कुठं एखादी बांगडी चमकली तरी ती मागं जाऊन तीही पुसायची. अखेर धुक्याच्या मधोमध चिकूच्या रंगाची ओढणी घेतलेली एक बाई राहिली.

त्या दिवशी उन्हं कलल्यावरची असरची नमाज झाली तशी ती अर्ध्या जिन्यापर्यंत उतरली.

"अब्बा, जनाना नाई, एक नवीन फोल्डर खुलं केलं हाये. त्यात एकच फाइल हाये. तुमच्या कंप्युटरमधी उतरवून घेऊ नका, माह्याच फोल्डरमधून खाली उघडून पाहा. मगरिबले मी मिटवणार."

अय्युबभाईंनी विचारलं नाही, कशी मिळाली. त्यांनी स्टुडिओचं शटर खाली ओढलं. टोपी नीट केली, लग्नाच्या घरात शिरताना करत तशी.

वर अनीसाला आवाज ऐकू आला. आधी ढोलकी. वायरलेस अडखळत होतं. थाप पडायची, थांबायची, मग दोन थापा एकदम पडायच्या. बिस्मिल्लाबीचा ताल तसाही चुकलेलाच होता. मग तिचा आवाज, कॅमेरा जवळ गेला तेव्हाचा: "माह्यावर कावून ब्याटरी खर्चून राहिली वो? नवरीकडे जाय!" आणि हसणं. मग शांत. मग पुन्हा ढोलकी.

खाली खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

मशिदीच्या भोंग्यावर मगरिबची अजान सुरू झाली. अनीसानं डोक्यावर पदर घेतला आणि अजान संपेतो हात मांडीवर ठेवून बसली. संपल्यावर तिनं ती फाइल निवडली, मिटवायचं बटण दाबलं.

कंप्युटरनं इंग्रजीत एक पाटी आणली. ती पाटी तिला वाचता येत होती. ही फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उघडी आहे, म्हणून मिटवता येत नाही. ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

तिनं पुन्हा दाबलं. तीच पाटी.

जिना उतरून सांगितलं असतं, तर अब्बांनी त्या क्षणी बंद केलं असतं. हूं की चूं केलं नसतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. नमाजाची चटई अंथरली. खालाला उद्या काय सांगायचं, ते ती उद्या बघणार होती.

पाटी पडद्यावर तशीच होती. अनीसानं ती काढून टाकली. खाली ढोलकी पहिल्या थापेपासून सुरू झाली होती.